शनिवारची शाळा, रविवारचा टीव्ही

मागच्या शुक्रवारी रात्री साडेअकराला ऑफिसचा कॉल चालू होता. डिप्लॉयमेंट सुरू केलेली, आणि तो हिरवा पट्टा शेवटपर्यंत जाईतो कुणालाच काही काम नव्हतं. अशा वेळी लोक हवापाण्याच्या गप्पा मारतात. पलीकडे ओहायोमधला आमचा एक सहकारी, पन्नाशी ओलांडलेला. म्हणाला, "उद्या शनिवार. लहानपणी मी शनिवारी आईबाप उठायच्या आत उठायचो, वाडगाभर सिरियल घ्यायचो आणि दुपारपर्यंत कार्टून बघायचो." मी म्हटलं, "आम्ही शनिवारी सकाळी शाळेत असायचो." पलीकडे शांतता. त्याला बहुतेक वाटलं की मला कसली तरी शिक्षा झाली होती :-)

मंडळी, शनिवारची सकाळची शाळा तुम्हाला वेगळी सांगायला नको. एरवी शाळा अकराची, शनिवारी मात्र सकाळी सातची. पांढरा गणवेश, खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, मैदानावर कवायत, आणि साडेदहा-अकराला सुट्टी. कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत सकाळी सातला सायकल मारणं म्हणजे काय असतं ते ज्याने मारली त्यालाच ठाऊक. तर विषय असा की त्या एका वाक्यावरून माझ्या डोक्यात किडा घुसला. त्यांचा मुलांचा टीव्ही शनिवारी आणि आपला रविवारी, हे कसं काय ठरलं? दोन विकएंड वाचण्यात घातले, घरच्यांना फोन करून पिडलं. जे सापडलं ते लिहितोय. मला वाटलं होतं त्यापेक्षा प्रकरण जरा वेगळं निघालं.

आधी अमेरिकेचं उरकतो. तिकडे 'सॅटरडे मॉर्निंग' हा शब्दच कार्टूनला जोडलेला आहे. साठच्या दशकात नेटवर्कवाल्यांच्या लक्षात आलं की शनिवारी सकाळी मोठी माणसं टीव्ही बघत नाहीत, म्हणजे ती वेळ स्वस्त. आणि त्याच वेळेला पोरं मोकळी असतात, घरात असतात आणि वर कुणी ओरडायला नसतं. १९६६ च्या सीझनपर्यंत एबीसी, सीबीएस, एनबीसी तिघांचीही शनिवार सकाळ कार्टूनने भरली. हाना-बार्बेरासारख्या कंपन्यांनी स्वस्तात ॲनिमेशन करायची युक्ती शोधून काढलेली: तोंड हलवायचं, अंग हलवायचं नाही. फ्लिन्टस्टोन पळायला लागला की मागे तीच ती खिडकी पुन्हा पुन्हा येते ते आठवा. (आमच्या भाषेत याला कोड रीयूझ म्हणतात!) मधल्या जाहिराती सिरियलच्या आणि खेळण्यांच्या. १९६८ मध्ये बोस्टनजवळ पेगी शॅरन नावाच्या बाईंनी आणखी काही आयांना बरोबर घेऊन 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' नावाची संघटना काढली आणि पुढची चोवीस वर्षं या जाहिरातींशी भांडण मांडलं. मधे १९८४ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने जाहिरातींवरची बंधनं उठवली. मॅटेलच्या बाहुल्या आधी आणि कार्टून नंतर, अशा उलट्या क्रमाने जन्मलेला ही-मॅन तोवर हिट झालेलाच होता. १९९० मध्ये कायदा आला: मुलांच्या कार्यक्रमात शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको. १९९६ मध्ये आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा नियम आला. तोवर केबलवर चोवीस तासांचं कार्टून नेटवर्क सुरू झालेलं. शनिवार सकाळचा महिमा हळूहळू आटला, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये सीडब्ल्यू नावाच्या नेटवर्कने आपला शेवटचा शनिवारचा कार्टूनचा पट्टा बंद केला.

म्हणजे एक मोकळी वेळ होती आणि ती वेळ कुणीतरी विकत घेतली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून ते पुण्यात दिसायला लागलं. मुंबई केंद्रावर मुलांसाठी मराठीत 'किलबिल' होतं, हिंदीत 'खेल खिलौने', गुजरातीत 'संताकुकडी'. चांगले, घरगुती कार्यक्रम. पण हे सगळं मुंबई-पुण्याच्या आसपास. कोल्हापूर, जिथे बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढले, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ उभा राहिला, त्या कलापुरात टीव्हीचा पत्ता नाही. पोरांसाठी रेडिओ होता, तोही सांगली आकाशवाणीचा.

टीव्ही आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावांत पोचला तो १९८४ च्या आसपासच्या लाटेत. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि पाठोपाठ देशभर लघुक्षमतेचे ट्रान्समीटर उभे करायचा सपाटा लागला. काही महिने तर दिवसाला एक हा वेग होता, वर्षात शंभराहून जास्त झाले. या ट्रान्समीटरना स्वतःचा स्टुडिओ नसायचा. डिश वर करून उपग्रहावरून जे उतरेल ते पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत फेकायचं, बस्स. आणि उपग्रहावरून उतरायची ती दिल्ली.

यातली गोम लक्षात येतेय का? पुण्यातल्या पोराच्या टीव्हीवर मुंबई होती. आमच्या टीव्हीवर, मुंबईपासून पावणेचारशे किलोमीटरवर, सोळाशे-सतराशे किलोमीटर लांबची दिल्ली होती. कागदावर दोघंही महाराष्ट्रात, पण सर्व्हर वेगवेगळे.

आमच्या घरात याचा एक किस्सा आहे. पप्पांचा मुंबईचा मामेभाऊ मे महिन्याच्या सुट्टीत आलेला. काका तेव्हा सात-आठ वर्षांचा. पाहुण्याने विचारलं, "तुमच्याकडे किलबिल लागत नाही?" काकाला वाटलं हा कसला तरी खाऊ आहे आणि तो आपल्याला न देता खाल्ला गेलाय. आज्जीकडे जाऊन त्याने भोकाड पसरलं. अजून त्याला कुणी चिडवायचं असलं की "किलबिल आण रे" म्हणतात.

मग २५ जानेवारी १९८७ चा रविवार उजाडला. सकाळी साडेनऊला रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं. ते ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' आलं, ते जून १९९० पर्यंत. या साडेतीन वर्षांनी रविवारची सकाळ कायमची टीव्हीच्या नावावर केली. हे मुलांचे कार्यक्रम नव्हते, पण पुढे मुलांना जी जागा मिळाली ती यांनीच तयार केलेली. अमेरिकेत मोठी माणसं झोपलेली असतात म्हणून पोरांना टीव्ही मिळाला. आपल्याकडे मोठी माणसं आधीच आंघोळ करून टीव्हीसमोर बसलेली असतात म्हणून मिळाला. ते उठायच्या आत पुढचं लागायचं.

आमच्या पेठेत तेव्हा गल्लीत तीन टीव्ही. त्यातला एक आमच्या आबांचा, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. दाराबाहेर चपलांचा ढीग. आणि कोल्हापुरात रविवार म्हणजे मटण, यात तडजोड नाही. मग घरात पेच पडला. राम वनवासात निघालेला आणि स्वैपाकघरातून तांबड्या रश्शाचा वास येतोय, हे आज्जीला पटेना. तोडगा असा निघाला की सकाळी सातला रांग लावून मटण आणायचं, धुऊन झाकून ठेवायचं, आणि पातेलं चढवायचं ते रामायण संपल्यावर. आबांना हे मान्य नव्हतं, पण आज्जीपुढे बोलणार कोण? पुढे महाभारताला मात्र हा नियम सैल झाला. आज्जीचं म्हणणं, "त्यात तशीबी मारामारीच हाय की."

याच्यानंतरचा काळ पोरांचा. नव्वदच्या दशकातल्या रविवार सकाळबद्दल लोक इतकं हळवं होऊन लिहितात की मी भर घालत नाही. 'डकटेल्स', 'टेलस्पिन', 'चंद्रकांता', आणि त्याच्या जरा आधीचा तो ही-मॅन. (काकाची तलवार खराट्याच्या दांड्याची होती.) पण 'जंगल बुक'वर थोडं थांबू द्या, कारण माझा मुद्दा तिथे लपलाय.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेलं 'जंगल बुक' हे मुळात जपानी. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये बनवलेले बावन्न भाग. गोष्ट किपलिंगची, इंग्रजी. हिंदीत करताना गीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं. आणि शेरखानचा आवाज? आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. गोष्ट घडते ती सिवनीच्या जंगलात. सिवनी म्हणजे नागपूर जिल्ह्याला चिकटलेला मध्य प्रदेशातला जिल्हा. मूळ पुस्तकात जी नदी आहे ती वैनगंगा, तीच, जी पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. म्हणजे बघा, जंगल जवळजवळ घरचं, नदी घरची, वाघाचा आवाज घरचा. चित्रं जपानची, पुस्तक इंग्रजांचं, भाषा दिल्लीची. मराठी तेवढी कुठेच नाही! आणि कोल्हापुरातल्या एकाही पोराला ते खटकलं नाही. मला तर हा लेख लिहायला बसेपर्यंत सुचलंही नव्हतं.

शक्तिमानची गोष्ट तर माझ्या शनिवारच्या शाळेशी थेट भिडते. पहिला भाग लागला १३ सप्टेंबर १९९७ ला, आणि तो शनिवार होता. मुकेश खन्ना यांनी मुलाखतींतून सांगितलंय की आधी त्यांना शनिवार सकाळ आणि मंगळवार संध्याकाळ अशी वेळ मिळाली होती. शनिवारी पोरं शाळा बुडवायला लागली, तक्रारी झाल्या, आणि मग रविवार मागून घेतला. पैशाचा हिशोबही त्यांनीच सांगितलाय. तेव्हा निर्मात्याने दूरदर्शनला पैसे भरून वेळ घ्यायची आणि जाहिरातीतून ते वसूल करायचे. शनिवार-मंगळवारला दर भागाला ३ लाख ८० हजार. रविवार मिळाला तसे ७ लाख ८० हजार. पुढे १० लाख ८० हजार, आणि ते १६ लाखांवर जाणार असं दिसल्यावर त्यांनी मालिका थांबवली. २००५ मध्ये शक्तिमान संपला तो किल्विषमुळे नव्हे, रेटकार्डमुळे.

माझा आत्तेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, १९९७ मध्ये पाचवीत होता. शनिवारी कवायत झाली की पोटात दुखतं म्हणून शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी. तीन शनिवार खपलं. चौथ्या शनिवारी भिंतीपलीकडे पीटीचे सर चहा पीत उभे! मी स्वतः रविवारच्या बाराचा शक्तिमान पाहिलेला, तोही शेवटच्या वर्षांतला. गोल गोल फिरून गच्चीवर पडलेलो आहे. हनुवटीवर दोन टाके अजून दिसतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. मराठीत मुलांसाठी टीव्हीवर काहीच नव्हतं का? तर होतं. आणि चांगलं मोठं होतं.

सुरुवात एका मराठी बाईपासून करतो. विजया मुळे. १९२१ मध्ये मुंबईत जन्म, लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तिथे फिल्म सोसायटीच्या नादाला लागल्या. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी 'एक अनेक और एकता' ही छोटी ॲनिमेशन फिल्म केली. भीमसेन यांचं ॲनिमेशन, आणि त्यातल्या गाण्यात लहानग्या साधना सरगमचा आवाज. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधे भोक पडलं की ती लावायचे, त्यामुळे रविवार असो नसो ती सगळ्यांना पाठ. दुसऱ्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७५ ला, 'साइट' प्रयोग सुरू झाला. नासाचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवायचा. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. मुलांच्या त्या शैक्षणिक फिल्मांच्या कामात मुळेबाई होत्या. महाराष्ट्र यात नव्हता. पण विजापूर आणि गुलबर्गा होते. म्हणजे आमच्या शेजारच्या सीमेपलीकडच्या खेड्यातल्या शाळेत १९७५ मध्ये उपग्रहावरून टीव्ही आणि कोल्हापूर शहरात काही नाही, अशी ती गंमत.

साइटच्या अनुभवावरून पुढे इन्सॅट आल्यावर सहा राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम बनवणाऱ्या संस्था काढल्या. महाराष्ट्राची संस्था पुण्यात, सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी, २७ जानेवारी १९८४ ला. नाव 'बालचित्रवाणी'. आठवलं ना? स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचे लेखक, कॅमेरावाले. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत हजारांनी कार्यक्रम त्यांनी बनवले. विज्ञानाचे प्रयोग, गाणी, बाहुल्या, भूगोल. ते दूरदर्शनवर लागायचे सकाळी, शाळेच्या दिवशी.

इथे मी खुर्चीत सरळ बसलो. शाळेच्या दिवशी सकाळी! म्हणजे आपण एकतर शाळेत, नाहीतर आंघोळ-डबा-दप्तर या धावपळीत. ताप आला तरच बघायला मिळायचं. माझी बालचित्रवाणीची सगळी आठवण गोधडी, मऊ भात आणि क्रोसिनच्या चवीची आहे. हिंदीला मिळाला रविवार आणि मराठीला मिळाला शाळेचा तास. मौज हिंदीत, अभ्यास मराठीत. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. रविवारच्या वेळेला दर होता आणि तो भरणारी बिस्किटवाली, साबणवाली मंडळी होती. त्यांना सगळा देश एका फटक्यात पाहिजे. शाळेच्या सकाळला दर नव्हता, म्हणून ती सरकारी अनुदानावर चालली. अपवाद होते, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरचा 'गोट्या' अजून लोक काढतात. पण अपवाद मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

त्याचा परिणाम माझ्यावर झालेला मला स्पष्ट दिसतो. आम्हाला हिंदी विषय पाचवीला सुरू झाला. पहिल्या तासाला बाईंनी विचारलं, हिंदीतले शब्द कुणाकुणाला येतात? अख्ख्या वर्गाचे हात वर. अंधेरा, शक्ती, विनाश, षड्यंत्र! बाई जरा घाबरल्याच. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून एवढं रान पेटलं, जूनअखेर सरकारने निर्णय मागे घेतले, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही बाजूंनी तलवारी निघाल्या. मी गप्प बसलो. कारण आम्ही हिंदी कुठल्या वर्गात शिकलो हे मला माहीत होतं. त्या वर्गाला जीआर लागत नाही. (माझं मत विचाराल तर पहिलीत एकच भाषा नीट शिकवावी. पण तो वेगळा लेख.)

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं. २००४ या एका वर्षात पोगो, हंगामा आणि डिस्ने चॅनल. पुढच्या वर्षी शक्तिमान गेला. रोजच रविवार झाल्यावर रविवारचं काय कौतुक राहणार? डोरेमॉन हिंदीत, शिनचॅन हिंदीत, छोटा भीम हिंदीत. तमिळ पोरांना २००७ मध्ये 'चुट्टी टीव्ही' हे स्वतःचं चॅनल मिळालं. ईटीव्ही बालभारत मराठीतून आलं ते २०२१ मध्ये, तेही हैदराबादहून, त्याच्या बारा भाषांतली एक म्हणून. आणि बालचित्रवाणी? केंद्राचं अनुदान थांबलं, पगार रखडले, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने ती बंद केली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. बातमी पेपरात वाचल्याचं आठवतं, पण पान उलटून पुढे गेलो होतो. आज त्याची लाज वाटते.

गेल्या रविवारी कोल्हापूरला होतो. ताई आलेली. तिचा मुलगा पाच वर्षांचा, सोफ्यावर उताणा पडून मोबाइलवर कसल्या तरी ट्रॅक्टरचं हिंदी गाणं बघत होता. मी शेजारी बसून विचारलं, "काय बघालायस रे?" तर म्हणतो, "मामा, डिस्टर्ब मत करो ना." ताई म्हणाली, "बोलतोय मराठी, पण मोबाइल हातात असला की असंच."

मी त्याला यूट्यूबवर बालचित्रवाणीचा एक तुकडा शोधून दिला. जुन्या टेपवरून उतरवलेला, खाली आडव्या रेघा, आवाज डब्यातून आल्यासारखा. कानाला मात्र ते सूर एकदम ओळखीचे, अंगात ताप असल्यासारखं वाटलं. दादा पण येऊन मागे उभा राहिला, पप्पाही. आम्ही तिघं बघत राहिलो. भाच्याने साधारण चाळीस सेकंद सहन केलं.

"मामा, ह्याला स्किप कुठाय?"

"नाही रे त्याला."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मोबाइलकडे, आणि उठून गच्चीवर गेला. तिथे आबांचा जुना अँटेना अजून आहे, आई त्यावर टॉवेल वाळत घालते. तेवढ्यात खालून तिची हाक आली की रस्सा उकळलाय, भाकरी गार व्हायच्या आत या. तो तुकडा अजून सहा मिनिटं होता. पप्पांनी "थांब, आलोच" म्हणून खाली ओरडून सांगितलं आणि खुर्ची जवळ ओढली.